लिपिड प्रोफाइलचा कागद हातात आल्यावर काय पाहायचं, काय करायचं

रक्तातल्या चरबीच्या या रिपोर्टवर पाच-सहा ओळी असतात, शेजारी लॅबने छापलेली 'सामान्य मर्यादा' असते. बहुतेक लोक पहिली ओळ वाचतात, एकूण कोलेस्टेरॉल २००च्या आत आहे हे बघतात आणि कागद फाइलला लावतात. गफलत इथेच होते. ती छापील मर्यादा पंचविशीतल्या धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर आणि एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या साठीतल्या माणसाच्या रिपोर्टवर अगदी सारखीच असते. पहिल्याला एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, ९५ म्हणजे उत्तम. दुसऱ्याला तेच ९५ बरंच जास्त आहे, पण त्याच्या कागदावर त्या आकड्यापुढे कसलीही खूण नसते. म्हणून आकडा चांगला की वाईट हे ठरवण्याआधी तो कोणाचा आहे हे विचारायला हवं.

शरीरात काय घडतं

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणं, पित्तरस, अनेक हार्मोन्स आणि ड जीवनसत्त्व बनवायला ते लागतंच. त्यातलं बरंचसं शरीर स्वतःच तयार करतं, आणि रक्तातलं जास्तीचं उचलून घेण्याचं मुख्य काम यकृताचं. चरबी पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून तिची वाहतूक प्रथिनांचं वेष्टण असलेल्या बारीक कणांतून होते. एलडीएल, व्हीएलडीएल, एचडीएल ही या कणांचीच नावं.

धोका एलडीएल आणि त्याच्या जातभाई कणांचा. हे कण धमनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात आणि काही तिथेच अडकून पडतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, चरबीने फुगतात, तिथेच मरतात, आणि भिंतीच्या आत एक मऊ थर तयार होतो. यालाच प्लाक म्हणतात. 'नळात गाळ साचतो' ही उपमा सगळीकडे ऐकू येते, पण ती दिशाभूल करते. गाळ नळाच्या पोकळीत बसतो, प्लाक मात्र भिंतीच्या पोटात वाढतो, आणि बरीच वर्षं पोकळी जवळपास मोकळीच राहते. पुढे कधीतरी त्यावरचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडते. अनेक अटॅक अशा जागी येतात जिथे धमनी फारशी अरुंद झालेलीच नव्हती. महिन्यापूर्वी ट्रेडमिलवरची चाचणी ठीक आलेल्या माणसालाही अटॅक येऊ शकतो, तो या कारणाने.

या सगळ्यात दुखत काहीच नाही. कोलेस्टेरॉल वाढल्याने चक्कर येत नाही, डोकं दुखत नाही, थकवाही येत नाही. 'मला काही त्रास नाही' या वाक्याला इथे काहीच अर्थ नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे नुकसान आकडा गुणिले वर्षं असं साठत जातं. तिशीत एलडीएल १६० असलेला माणूस पन्नाशीपर्यंत थांबला, तर त्याने वीस वर्षांचा थर साठवलेला असतो.

रिपोर्ट कोणत्या क्रमाने वाचावा

एकूण कोलेस्टेरॉलवर थांबू नका. आधी एकूणमधून एचडीएल वजा करा. जे उरतं ते नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीत अडकू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल. समजा एकूण २२४, एचडीएल ४२ आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातल्या चरबीचा दुसरा प्रकार) १९० आहेत. नॉन-एचडीएल झालं १८२. या हिशेबाला वेगळी चाचणी लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही, आणि ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील तर हा आकडा एलडीएलपेक्षा जास्त भरवशाचा ठरतो.

मग एलडीएल बघा. बहुतेक लॅब तो मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूणमधून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा. वरच्या उदाहरणात २२४ − ४२ − ३८ = १४४. हे सूत्र १९७२ पासून वापरात आहे आणि त्याच्या दोन दुबळ्या जागा आहेत. ट्रायग्लिसराइड्स ४००च्या वर गेले की ते चालतच नाही. आणि एलडीएल ७०च्या खाली असून ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील, तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. औषध घेणाऱ्याला 'लक्ष्य गाठलं' असं वाटतं, प्रत्यक्षात गाठलेलं नसतं. अशा वेळी थेट मोजलेलं एलडीएल किंवा एपोबी ही चाचणी करून घ्यावी. प्रत्येक घातक कणावर एपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे ही चाचणी म्हणजे कणांची सरळ मोजदादच.

हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. काही देशांत रिपोर्ट मिलिमोल प्रति लिटरमध्ये येतो. तेव्हा कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ ने आणि ट्रायग्लिसराइड्सच्या आकड्याला ८८.६ ने गुणा.

एचडीएलबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे: 'चांगलं' कोलेस्टेरॉल भरपूर आहे, म्हणजे वाईटाची भरपाई झाली. तसं होत नाही. एचडीएल कमी असणं हे धोका जास्त असल्याचं चिन्ह आहे, हे खरं. पण औषधाने ते वाढवून अटॅक कमी होतील, ही आशा मोठ्या चाचण्यांत फोल ठरली. टॉरसेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल चांगलंच वाढलं, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यूही वाढले, आणि २००६ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणून एचडीएल ७० असलं तरी एलडीएल १७० सोडून देऊ नका.

आणखी एक चाचणी आयुष्यात एकदा करावीच अशी: लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाची. ही पातळी जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते आणि खाण्यापिण्याने हलत नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, मागून घ्यावी लागते. जास्त निघाली तर बाकीचे सगळे आकडे अधिक कडकपणे खाली आणावे लागतात.

रक्त देताना होणाऱ्या चुका

बहुतेकांना उपाशी राहायची गरज नसते. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स थोडे वाढतात, नॉन-एचडीएल फारसं बदलत नाही. ट्रायग्लिसराइड्स ४००च्या वर आले, तर मात्र १० ते १२ तास पाण्याशिवाय काही न घेता चाचणी पुन्हा करा, आणि आदल्या दोन दिवसांत दारू नको.

तापाचं आजारपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा अटॅक यानंतर एलडीएल काही आठवडे खोटंच कमी दिसतं. गरोदरपणात ते नैसर्गिकरीत्या वाढतं. तोच माणूस, तीच लॅब असली तरी दोन दिवसांच्या आकड्यांत पाच ते दहा टक्के फरक पडू शकतो. १३० चे १३८ झाले म्हणून घाबरू नका, १३० चे १२४ झाले म्हणून आनंदही नको. आयुष्यभराचं औषध सुरू करण्याचा निर्णय शक्यतो दोन रिपोर्ट पाहून घ्यावा. अटॅक येऊन गेला असेल किंवा आकडा फारच मोठा असेल, तर मात्र वाट बघायची नसते.

आपलं लक्ष्य किती

युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये एलडीएलची लक्ष्यं ठरवून दिली. त्यांची विभागणी साधी आहे. अटॅक, पक्षाघात, बायपास किंवा स्टेंट झालेल्यांसाठी ५५ च्या खाली, शिवाय मूळ आकड्यापासून निदान निम्मी घट. बराच काळ मधुमेह असलेल्या किंवा एखादाच धोका फार तीव्र असलेल्यांसाठी ७० च्या खाली. मध्यम धोक्यासाठी १०० च्या खाली आणि कमी धोक्यासाठी ११६ च्या खाली. नॉन-एचडीएलचं लक्ष्य हवं असेल तर यात सरळ ३० मिळवा.

आपण कोणत्या गटात, हे वय, रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार आणि घरातला इतिहास मिळून ठरतं. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता ते सांगा. निर्णय काठावर अडला, तर धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा साधा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. मध्यमवयात तो शून्य आला आणि तंबाखू, मधुमेह किंवा घरचा इतिहास नसेल, तर औषध काही वर्षं लांबवता येतं. शंभराच्या वर आला तर टाळाटाळ नको.

एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, तर धोक्याची बेरीज करत बसायचं नाही. हा आनुवंशिक प्रकार असू शकतो, आणि तो सुमारे २५० माणसांत एकाला असतो. टाचेमागची कंडरा जाड होणं, बोटांच्या सांध्यांवर गाठी येणं, ४५ च्या आधी डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडं दिसणं या त्याच्या खुणा आहेत. पण खुणा नसल्या तरी आजार असू शकतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलामुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. अशा घरात दहा वर्षांच्या आतच मुलांचं रक्त तपासावं. माणूस बारीक आहे, मैदानात पळतो, म्हणून हा आजार नसेल असं समजणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक.

औषधाआधी आणखी एक गोष्ट. थायरॉइड मंदावलं, लघवीतून प्रथिनं जात असली किंवा पित्तमार्गात अडथळा असला, तर एलडीएल वाढतं. स्टेरॉइडसारखी काही औषधंही लिपिड्स बिघडवतात. टीएसएच (थायरॉइडची चाचणी), साखर, यकृताच्या चाचण्या आणि लघवी एकदा बघून घ्या. थायरॉइडच्या गोळीने जे खाली येणार होतं, त्यासाठी दुसरी गोळी लागायला नको.

ताटात काय बदलायचं

लोक आधी अंड्याचा बलक बंद करतात. एका बलकात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण अन्नातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तावरचा परिणाम बहुतेकांत थोडाच असतो. खरा परिणाम संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबीचा. ती यकृताच्या पेशींवरचे एलडीएल उचलणारे ग्राहक (रिसेप्टर) कमी करते, मग कण रक्तातच फिरत राहतात.

हिशेब असा. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्याने एलडीएल कमी करायचं असेल, तर संपृक्त चरबी १३ ग्रॅमच्या आसपास ठेवावी. एका टेबलचमचाभर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम लोण्यात ती ७ ग्रॅम असते. दोन चमच्यांतच दिवसाचा वाटा संपला. तेलांपैकी खोबरेल तेलात ती आठ-दशांशाहून जास्त आहे, पामतेलात जवळपास निम्मी, आणि ऑलिव्ह, सूर्यफूल, कॅनोला यांत सातव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. 'वनस्पतीजन्य, कोलेस्टेरॉलमुक्त' असं लेबल खोबरेल आणि पामतेलावरही खरंच ठरतं, पण त्याचा उपयोग शून्य. लेबलवर 'संपृक्त चरबी' ही ओळ शोधा. घटकांत 'अंशतः हायड्रोजनीकृत' शब्द दिसला तर पाकीट परत ठेवा. ती ट्रान्स चरबी आहे, आणि तिचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही.

चरबी काढली तर जागी काय आलं, यावर सगळं ठरतं. लोण्याच्या जागी द्रवरूप तेल, सुकामेवा किंवा मासे आले तर फायदा. बिस्किटं, पांढरा पाव आणि साखर आली तर एलडीएल थोडं उतरतं, ट्रायग्लिसराइड्स चढतात आणि धोका होता तिथेच राहतो. 'मी तेलकट बंद केलं तरी काहीच फरक नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा ही अदलाबदल असते.

दुसरा आधार विरघळणाऱ्या तंतूंचा. ते आतड्यात पित्त धरून बाहेर नेतात, आणि नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. ओट्समधला असा तंतू म्हणजे बीटा-ग्लुकन, तो दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेला तर परिणाम दिसतो. त्यासाठी ७५ ग्रॅमच्या आसपास कोरडे ओट्स लागतात, म्हणजे चांगला मोठा वाडगा. दोन चमचे ओट्स शिंपडून काही होत नाही. इसबगोलाचं भुसाही तसाच उपयोगी, दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास. तो मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर लगेच प्या, पाणी कमी पडलं तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. बाकीच्या गोळ्या त्याच्या आधी किंवा नंतर दोन तासांनी. प्रमाण हळूहळू आठवडा-दोन आठवड्यांत वाढवा, नाहीतर पोट फुगतं आणि माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो. रोज कडधान्यं आणि ३० ग्रॅम बिनमीठ सुकामेवा ही याला चांगली जोड.

फार कमी ठिकाणी सांगितलं जाणारं एक कारण: न गाळता उकळून केलेली कॉफी. तिच्या तेलकट अंशातलं कॅफेस्टॉल एलडीएल वाढवतं. कागदी फिल्टरमधून गाळली की ते बहुतेक निघून जातं. रोज चार-पाच कप अशी कॉफी पिणाऱ्याने आधी एवढंच बदलून बघावं.

आहार नीट पाळून एलडीएल बहुतेकांत १० ते १५ टक्के उतरतं, फार काटेकोर पाळणाऱ्यांत आणखी. ८ ते १२ आठवड्यांनी रक्त तपासा. १४४ चे १२५ होतील, १९५ चे ७० होणार नाहीत. आनुवंशिक आजारात पथ्यावर विसंबून वर्षं घालवणं म्हणजे थर साठू देणं.

ट्रायग्लिसराइड्सचा रस्ता वेगळा आहे. तिथे साखर, गोड पेयं, दारू, पोटावरचं वजन आणि बेताबाहेरचा मधुमेह हे मुख्य गुन्हेगार. पाच-दहा टक्के वजन उतरलं तरी मोठा फरक दिसतो. आकडा ५०० च्या वर गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो. तेव्हा दारू पूर्ण बंद, आणि डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात.

चालणं, तंबाखू, रक्तदाब

आठवड्याला १५० मिनिटं असं चालावं की बोलता येईल पण गाता येणार नाही. शिवाय दोन दिवस वजनं किंवा शरीराच्याच भाराचे व्यायाम. यातून एलडीएल फारसं हलत नाही. ट्रायग्लिसराइड्स, रक्तदाब आणि साखर मात्र सुधारतात, म्हणून केवळ एलडीएल बघून व्यायाम सोडू नका. तंबाखू कोणत्याही रूपात नको. 'दिवसाला एकच' हा हिशेब हृदयाला मान्य नाही, कारण एका सिगारेटचा धोका वीस सिगारेटींच्या धोक्याच्या विसाव्या हिश्श्याहून पुष्कळ जास्त असतो.

रक्तदाब घरी मोजताना लघवी करून या, पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर ठेवा, दंड हृदयाच्या उंचीवर टेकवा, बोलू नका. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. बाहीवरून पट्टा बांधला किंवा हात लोंबकळत ठेवला, तर आकडा चुकतो.

स्टॅटिनची गोळी

स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतं. मग यकृत पेशींवर जास्त ग्राहक उगवतात आणि रक्तातले एलडीएल कण उचलले जातात. हे ग्राहक शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. १९९४ मध्ये ४४४४ हृदयरोग्यांवरच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. त्यानंतर अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं की एलडीएल दर ३९ ने खाली आणलं की अटॅक आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात.

अटॉर्व्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅमने एलडीएल निम्म्याहून खाली येतं. अटॉर्व्हास्टॅटिन १० ते २० किंवा रोसुव्हास्टॅटिन ५ ते १० ने तीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान. डोस दुप्पट केला की जेमतेम ६ टक्के आणखी मिळतात, म्हणून लक्ष्य लांब असेल तर डोस चढवत राहण्यापेक्षा इझेटिमाइब हे दुसरं औषध जोडणं शहाणपणाचं. त्याने आणखी वीसेक टक्के उतरतं. त्यापुढे पीसीएसके-९ हे प्रथिन रोखणारी इंजेक्शनं आहेत, त्यांनी साठेक टक्के. अटॉर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही चालतात, सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यायची.

स्नायू दुखले तर गोळी स्वतःच्या मनाने बंद करून गप्प बसू नका. दुखणं दोन्ही बाजूंच्या मांड्या-खांद्यांत आहे का, गोळी सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांत आलं का, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. सीके ही स्नायूंच्या इजेची चाचणी, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व बघितलं जाईल. थोडे आठवडे थांबून कमी डोस किंवा दुसरं स्टॅटिन दिलं तर बहुतेकांना चालतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या लोकांना काही महिने स्टॅटिन, काही महिने नकली गोळ्या आणि काही महिने काहीच नाही असं देऊन पाहिलं. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी नव्वद टक्के नकली गोळीवरही जाणवला. दुखणं खोटं नव्हतं, पण कारण औषध नव्हतं. लघवी गडद चहासारखी झाली आणि अंगात ताकदच उरली नाही, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रक्तातली साखर थोडी वाढू शकते, मुख्यतः मधुमेहाच्या काठावर असलेल्यांत. तरीही हृदयाचा फायदा त्याहून मोठा ठरतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि ग्रेपफ्रूट, दोन्ही काही स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. नवी गोळी लिहून घेताना स्टॅटिनचं नाव सांगा. गरोदर राहायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

गोळी सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांत रक्त तपासायचं, मग लक्ष्य गाठेपर्यंत तसंच, पुढे वर्षातून एकदा. 'रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद' ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तो नॉर्मल गोळीमुळे आहे. बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडा पूर्वीच्या जागी जातो. लसूण, दालचिनी, हळद, मत्स्यतेल यांच्या कॅप्सूलवर पैसे घालवण्याआधी हे माहीत असू द्या: २०२२ च्या एका चाचणीत यांच्यासह सहा पूरकांची तुलना रोसुव्हास्टॅटिनच्या ५ मिलिग्रॅमशी झाली. चार आठवड्यांत गोळीने एलडीएल ३८ टक्के उतरवलं, आणि एकही पूरक तिच्या जवळपास फिरकलं नाही.

छातीत दुखलं तर

छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, ते डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत जाणं, थंड घाम, धाप, मळमळ. स्त्रियांत आणि मधुमेहींत छाती न दुखता नुसती धाप किंवा पोटाच्या वरच्या भागात जड वाटणं एवढंच असू शकतं. अपचन समजून तासभर वाट बघू नका, बंद धमनीपलीकडचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. फोनवरच्या माणसाने सांगितलं आणि अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खा, कारण अख्खी गिळलेली उशिरा उतरते. मग भिंतीला टेकून बसा, घेत असलेल्या औषधांची चिठ्ठी हाताशी ठेवा आणि दाराची कडी काढून ठेवायला सांगा.